तीन फेरे सरकारचे, एक शेठचा

२०१५ साल होतं, मी पंचावन्न वर्षांचा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका माणसानं मला काम करू दिलं नाही.

आळशी माणसं मी पुष्कळ बघितली. दुसऱ्याच्या गळ्यात काम घालून स्वतः तंबाखू मळत बसणारी तर पावलोपावली भेटतात. पण दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेणारा, आणि त्यासाठी रोज भांडणारा, असा मी एकच बघितला. त्याचं नाव लिहीत नाही. त्याला चाललं असतं, त्याच्या बायकोला चालणार नाही, आणि तिच्याशी माझं आत्ता कुठं बरं चाललंय.

मी त्याला ‘सरकार’ म्हणायचो, तो मला ‘शेठ’ म्हणायचा. कारण असं, की तो पाणीखात्यात कायम होता आणि मी ठेकेदाराचा माणूस. “तू प्रायव्हेट,” पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “आणि प्रायव्हेटवाल्याला शेठच म्हणतात.” खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे असलेला मी शेठ, आणि गुडघ्यापर्यंत गमबूट घालून चिखलात उभा असलेला तो सरकार. विरारला टेकडीच्या पायथ्याशी पाण्याची टाकी आहे, तिथं आमची दोघांची ड्यूटी. तो वटारहून स्कूटरवर यायचा, मी चांदीपहून मिळेल त्या गाडीनं.

माझं सांगायचं तर मी चौथी शिकलो. पाचवीच्या मास्तरनं माझ्या कपड्यांना गोठ्याचा वास येतो म्हणून मागच्या बाकावर बसवलं. मी उठून घरी आलो तो परत गेलो नाही. लोक म्हणतात, चूक केलीस. मी म्हणतो, आज मागच्या बाकावर बसवा, आज परत उठेन. पुढं वसई पूर्वेला एका गाळ्यात लेथ मशीनवर माझी उमेदीची वर्षं गेली. गाळा बंद पडला, मालकानं हात जोडले, आम्ही पण जोडले आणि घरी आलो. मग या ठेकेदाराकडं लागलो. हे सगळं सांगतो कारण माझा स्वभाव कळावा. मला कोणी कमी लेखलं की मला जेवण जात नाही.

आता काम काय ते सांगतो. रस्त्याच्या कडेला चेंबर असतो, त्यावर लोखंडी झाकण. झाकण काढून आत लांब चावी घालायची. चावी म्हणजे खिशातली नव्हे, कमरेएवढ्या उंचीची लोखंडी सळई, वर आडवा दांडा. दांडा धरून गोल फिरायचं, घाण्याला जुंपल्यासारखं, की व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो आणि त्या भागात पाणी जातं. दोघांनी मिळून ढकललं तर सोपं जातं. पण सरकारला दोघांनी मिळून चालायचं नाही. का? तर कोणी किती जोर लावला ते कळत नाही.

पहिल्या दिवशी मी दांड्याला हात घातला तर यानं विचारलं, “किती देतात तुला?”

“पुरतं तेवढं देतात.”

“पुरतं म्हणजे किती?”

“मी तुमचा पगार विचारला का?”

“विचार की. सांगतो.” आणि सांगितला. कापून जाऊन हातात किती, फंडात किती, सगळं. रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मी माझा सांगितला नाही. पण माझा आकडा त्याला ठेकेदाराच्या मुकादमाकडून आधीच कळलेला होता. “माझा तुझ्या तिप्पट आहे,” तो म्हणाला. “तेव्हा तीन फेरे माझे, एक तुझा. चल, हो बाजूला.”

मला वाटलं थट्टा करतोय. तर खरोखरच तीन फेरे मारून दांडा माझ्याकडं दिला, मी एक मारला की लगेच काढून घेतला.

“म्हंजे मी काय अर्धा मानूस हाय?” मी म्हणालो.

“तू पुरा आहेस. दोघांच्या पगारात तुझा वाटा पाव आहे. त्याच्या वर एक फेरा मारलास तर तो फुकट मारलास. आज तू फुकट मारलास की उद्या वरचे म्हणतील, हा एवढ्या पैशात सगळं करतो, मग कायम माणूस हवा कशाला? म्हणजे माझ्या जागेवर पुन्हा कायम माणूस यायचा नाही. तू काम करून माझी पोस्ट खातोस.”

बोलणं मला पटलं नव्हतं, राग मात्र आला.

मी काही कमी हट्टी नाही. एकदा मुद्दाम लवकर गेलो आणि तो यायच्या आत एकट्यानं सगळा व्हॉल्व्ह उघडून, हात पुसून बसलो. सरकार आला, स्कूटर लावली, चेंबरात कान घातला.

“कोणी उघडला?”

“मी.”

“सगळा?”

“सगळा.”

त्यानं चावी घातली आणि व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण बंद केला. मग पहिल्यापासून सुरुवात. तीन त्याचे, एक माझा. तेवढ्यात समोरच्या चाळीतली बाई बादली घेऊन धावत आली. “अरे चाललंय काय तुमचं? येतंय, जातंय, येतंय, जातंय! मशीन लावलंय मी!”

“ताई, हिशेब चुकला होता,” सरकार दांडा फिरवत म्हणाला. “दुरुस्त करतोय.”

“पाण्याचा?”

“नाही, शेठचा.”

बाई माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं मीच पाणी चोरलंय.

कामाची वाटणी पगारावर, पण वस्तूंची वाटणी मात्र अर्धी अर्धी. हे त्याचं दुसरं खूळ. कायम माणसाला खात्याकडून गमबूट मिळतात, रेनकोट मिळतो, महिन्याला हात धुवायचा साबण मिळतो. आम्हाला ठेकेदाराचं नारंगी जाकीट, आणि त्याचे पण पैसे कापलेले. साबण हातात आला की सरकार टाकीजवळच्या केबिनीत जायचा. खिळ्याला एक जाड दोरा गुंडाळलेला असायचा. तो सोडायचा, दोन्ही टोकं बोटांना अडकवायचा आणि वडी मधोमध कापायचा. सुरी कधी घेतली नाही. म्हणायचा, सुरीनं भुगा पडतो, भुगा कुणाचा यावर भांडण होतं.

मी माझी अर्धी वडी केबिनीतच ठेवून जायचो. तो ती माझ्या डब्यात घालायचा. मी ती घरी नेऊन फळीवर ठेवायचो. वापरली नाही. फळीवर अर्ध्या वड्यांची रांग लागली. बायको म्हणायची, “फळी भरली, आता आंघोळ करा की.” मी म्हणायचो, आपला साबण आपल्या पैशाचा.

रेनकोटचं तर काय विचारू नका. कोट आणि पँट असा जोड मिळायचा. पावसाळा लागला की त्यानं पँट मला दिली, कोट स्वतः घातला. मी घेईना. तर म्हणाला, “पगार साहेब ठरवतो, म्हणून कामाची वाटणी पगारावर. पाऊस साहेब ठरवत नाही. घाल.” शेवटी तापानं आठवडा बुडाला, तेवढे पैसे गेले, तेव्हा घातली. वरून तो कोरडा, खालून मी. दोघं भर पावसात रस्त्यानं चाललो की रिक्षावाले ओरडायचे, “ओ काका, दोघं एकच माणूस आहात का?”

नाक्यावर टपरी होती. तिथं सकाळी नवीन इमारतीतले नोकरदार चहाला यायचे. एक जण रोज कुरकुरायचा. कंपनीत बारा-बारा तास, कधी काढतील भरवसा नाही, आणि हे सरकारी लोक बघा, काम नाही धाम नाही, पगार चालू, सुट्ट्या चालू, म्हातारपणी पेन्शन चालू. हे सगळं सरकारकडं बघत. मला वाटायचं, आता हा चिडेल. तो बशीत चहा ओतून म्हणायचा, “खरं आहे साहेब. मजा आहे आमची.”

“मग?”

“मग काय, भरती निघाली की सांगतो.”

तो माणूस हळूच विचारायचा, “कधी निघणार आहे? मेहुण्यासाठी विचारतोय.”

पण सरकारी नोकरी म्हणजे स्वर्ग, असं पण तो म्हणायचा नाही. “ज्या पोस्टवर चिकटलो त्याच पोस्टवरून जाणार,” म्हणायचा. “खुर्ची नाही बदलली. खुर्चीच नव्हती म्हणा.” बसायला त्याची पत्र्याची उलटी बादली होती. त्याचा मुलगा अंधेरीला मोठ्या कंपनीत. बापापेक्षा पगार जास्त, एसी गाडी न्यायला येते, दोन-तीन वर्षांनी बढती. पण नाताळचं जेवण चालू असताना साहेबाचा फोन आला आणि पोरगा ताट सोडून उठला. सरकारनं फोन घेतला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. साहेब तांदळात वाजत राहिला. “पोराला म्हटलं,” मला सांगत होता, “तुझा पगार मोठा आहे रे, पण जेवायचा वेळ पण त्यांनी त्यातच धरलाय. माझ्या पगारात जेवण धरलेलं नाही, ते माझं आहे.” मुलगा दोन दिवस बोलला नाही. घरातलं त्यांचं बोलणं वटारकडच्या ख्रिस्ती लोकांचं, मला अर्धंच कळायचं. पण बायको त्याला काय म्हणत असेल ते न कळताही कळायचं.

असं वर्ष गेलं. रोज एक फेरा, रोज भांडण.

मग माझं जांघेत दुखायला लागलं. अंतर्गळ, म्हणजे हर्निया. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर दीड महिना वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. मी हो हो म्हणून उठून आलो. ठेकेदाराकडं कायदा साधा होता. आठवड्याच्या वर ज्याला यायचं नाही त्यानं आपल्या ऐवजी बदली माणूस द्यायचा. नाही दिला तर नाव गेलं. दिला, तर पुष्कळदा बदलीच कायम राहतो आणि मूळचा घरी बसतो. तरणा पोरगा एकदा आला की छप्पन्न वर्षांच्या म्हाताऱ्याला परत कोण बोलावतंय? मी बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी कमरेला करकचून बांधली आणि कामावर गेलो. कुणाला सांगितलं नाही.

दोन-तीन दिवस निघाले. एक दिवस सरकारनं तीन फेरे मारले, माझा चौथा पण त्यानंच मारला, आणि थांबून माझ्याकडं बघायला लागला.

“शेठ, आज भांडला नाहीस.”

“रोज काय भांडायचं.”

“वर्षभर रोज भांडलास. आज तुझा फेरा मी मारला तरी गप्प. शर्ट वर कर.”

“काय?”

“वर कर म्हणतो.”

पट्टी बघितली. मग सगळं सांगावंच लागलं.

“ऑपरेशन करून घे,” तो म्हणाला.

“आनि जागा? तुम्ही आजारी पडलात तर घरी पगार येतो. मी आजारी पडलो तर माझ्या जागेवर दुसरा येतो.”

“बदली दे.”

“कोन देऊ? जो देईन तो मलाच खाईल.”

 भांडणात हरलेला सरकार मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. बादलीवर बसून राहिला. मला आतून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आठवडाभरानं यानं रजेचा अर्ज टाकला. कायम माणसाची न घेतलेली रजा साठते, आणि निवृत्त होताना तिचे पैसे मिळतात. त्याची पुष्कळ साठली होती, निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. त्या पैशात बायकोला घराला नवी कौलं घालायची होती. यानं त्यातली दीड महिन्याची रजा काढली, आणि मुकादमाकडं जाऊन उभा राहिला.

“हा शेठ ऑपरेशनला जातोय. याचा बदली मी.”

मुकादम हसला. “सरकार, सकाळी सकाळी थट्टा करता?”

“जाकीट दे.”

मी तिथंच होतो. मी म्हणालो, “मला असले उपकार नको.”

“उपकार?” तो माझ्यावर खेकसला. “वर्षभर तुला फुकट काम करू नको म्हणून सांगतोय, आणि तू फुकट मरायला निघालास! बदली जागा खाईल, हीच तुला भीती ना? मी जागा खाणार नाही. मला माझी आहे.”

मुकादमाला पण ते पटलं असावं. जाकीट दिलं. पोटावर चेन लागेना. मी ऑपरेशनला गेलो.

पुढचं मी बघितलं नाही, पण टपरीवाल्यानं, मुकादमानं आणि खात्याच्या एका पोरानं इतक्या वेळा सांगितलंय की बघितल्यासारखंच आहे. सरकारच्या जागेवर खात्यानं एक तरुण कायम पोरगा पाठवला होता. पहिल्या दिवशी पोरगा सवयीप्रमाणं बाजूला उभा राहून मोबाइल बघायला लागला. त्याला वाटलं, ठेकेदाराचा म्हातारा आहे, करील सगळं. सरकारनं एक फेरा मारला, दांडा सोडला आणि बादलीवर जाऊन बसला.

“काय झालं?” पोरगा.

“झालं माझं. आज मी शेठ आहे. तीन तुझे.”

पोरानं तक्रार केली. त्या भागाच्या इंजिनीअर मॅडम आल्या. त्यांनी सरकारला नारंगी जाकिटात बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“काका, तुम्ही रजेवर आहात ना?”

“हो मॅडम.”

“मग इथं काय करताय?”

“नोकरी.”

“कोणाची?”

“शेठची.”

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. सांगितलं, रजेवर असताना दुसऱ्याकडं काम करणं नियमात बसत नाही. कोणी वर कळवलं तर चौकशी लागेल, चौकशी लागली तर निवृत्तीचे पैसे अडकतील, पेन्शन लांबेल. सरकार मग म्हणाला, “मॅडम, ही रजा मी झोपून घालवली तर चालते. गोव्याला जाऊन घालवली तर चालते. फक्त घाम आला की चौकशी?”

“मी नियम केला नाही, काका. उद्या हे जाकीट अंगावर दिसलं तर मला लिहावं लागेल.”

मी घरी खाटेवर होतो. मुकादमाचा फोन आला, की सरकारचं उद्या काही खरं नाही, तू दुसरा बदली बघ. मी मुकादमाला म्हणालो, माझं नाव काढ. माझ्यापायी त्याची पेन्शन जाऊ नये. खरंच म्हणालो. जागा गेली तर काय खाणार ते मला माहीत नव्हतं, पण म्हणालो.

मुकादमानं नाव काढलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी सरकार आला. जाकीट नव्हतं. मुलाच्या लग्नात शिवलेला काळा कोट, काळी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात टाय आणि पायात गमबूट. स्कूटरवरून उतरला आणि चावी घातली. टपरीवरचे सगळे चहा टाकून रस्त्यावर आले. चाळीतल्या बाईनं विचारलं, “काका, कोणाचं लग्न?”

“पाण्याचं,” म्हणाला आणि आपला एक फेरा मारून बादलीवर बसला. कोटाची शेपटी नीट सावरून.

मॅडम आल्या. त्यानं उठून सांगितलं, “जाकीट नाही घातलं मॅडम. रजेवर आहे. चर्चमध्ये मिस्साला जाता जाता जरा हात लावला.” मॅडम गाडीतून उतरल्याच नाहीत म्हणतात. काच वर केली. टपरीवाला म्हणतो, काचेआड हसत होत्या. पुढं त्या भागात त्यांची फेरी सकाळची असायची ती दुपारची झाली. दीड महिना सरकार रोज कोट घालून आला. रोज एक फेरा, आणि पोराला तीन.

मी कामावर परत गेलो त्या दिवशी त्यानं दीड महिन्याचा माझा पगार माझ्यापुढं धरला. मी घेईना.

“घाम तुमचा,” मी म्हणालो.

“मला खात्यानं रजेचा पगार दिलाय. हा पण घेतला तर दोन पगार झाले. मला चोर करतोस?”

त्याला चोर कसा करू? घ्यावे लागले. त्याच्या बायकोनं मात्र पुष्कळ दिवस मला ओळख दिली नाही. कौलं जुनीच राहिली.

तो निवृत्त झाला तेव्हा कार्यालयात शाल दिली, नारळ दिला, मॅडम दोन शब्द बोलल्या. नियमाविषयी एक शब्द नाही. सरकार तोच काळा कोट घालून आला होता. उजव्या बाहीला व्हॉल्व्हच्या ग्रीसचा डाग होता, धुऊन धुऊन तपकिरी झालेला. शालीखाली झाकला जात होता, पण त्यानं शाल डाव्या खांद्यावर सरकवली. त्याची बायको माझ्या शेजारी बसली होती. पहिल्यांदा बोलली. “तुमच्यापायी एवढा महाग कोट गेला.”

“हो बाय,” मी म्हणालो.

“आता मरेपर्यंत तोच घालणार म्हणतो. चर्चमध्ये लोक बघतात.” असं म्हणाली खरी, पण बघत होती त्या बाहीकडंच, आणि रागानं नव्हे.

संध्याकाळी तो केबिनीतलं सामान न्यायला आला. डबा घेतला, गमबूट घेतले, देवाची तसबीर घेतली. बादली राहू दे म्हणाला. खिळ्यावरचा दोरा त्याला दिसला होता. मी बघत होतो. त्यानं हात लावला नाही.

“येतो, शेठ,” म्हणाला.

“या, सरकार.”

त्या रात्री घरी मी फळीवरच्या अर्ध्या वड्यांकडं बघत बसलो. त्याच्या जागेवर तोच तरुण पोरगा येणार हे ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातल्या एका वडीनं आंघोळ केली आणि कामावर गेलो. पोरगा मोबाइल बघत उभा होता. मी झाकण काढलं, चावी घातली, एक फेरा मारला, दांडा त्याच्या हातात दिला आणि बादलीवर जाऊन बसलो. “तीन तुझे,” मी म्हणालो. “आनि साबन मिळाला की आधी केबिनीत आन. दोरा माझ्याकडं हाय.”